मधुमेह, दृष्टि आणि पुढची तारीख

पूर्वीं आमच्या घरीं पंक्ति बसली म्हणजे श्रीखंडाच्या वाटीवरून आग्रहाची लढाई होत असे. आतां पंक्तींतील वडीलधाऱ्यांपैकीं दोघे-तिघे तरी वाढणारणीपुढें हात आडवा करून "आम्हांला साखर आहे" असें सांगतात. आणि तें इतक्या सहजपणें कीं जणूं "आम्हांला दोन मुलगे आहेत" असेंच सांगत असावेत. रोगाची सवय होणें एका अर्थीं बरें. भय कमी होतें, औषध नियमानें घेतलें जातें. परंतु सवयीच्या पाठोपाठ बेफिकिरीहि घरांत शिरते, आणि मधुमेहांतील बेफिकिरीचें मोल पुष्कळदां डोळ्यांस द्यावें लागतें. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत आमचें बहुतेक गणगोत आहे; तेव्हां पुढें जें लिहीत आहों तें तेथील घरें नजरेसमोर ठेवूनच लिहीत आहों.

रोगाचा विस्तार किती, हें प्रथम पाहूं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली मोठी पाहणी 2023 सालीं प्रसिद्ध झाली. तींत देशांतील मधुमेह्यांची संख्या 10 कोटींच्या वर, म्हणजे प्रौढांत शेंकडा 11.4, असा अंदाज निघाला. त्याच्या आदल्या वर्षीं दुसरी एक देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली होती. चाळिशी उलटलेल्या मधुमेह्यांत शेंकडा 12.5 जणांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रोगाचीं चिन्हें आढळलीं, आणि शेंकडा 4 जणांचा रोग दृष्टि घालविण्याइतका पुढें गेलेला होता, असें तींत दिसलें. शेंकडा 4 म्हणजे पंचविसांत एक. आमच्याकडील एखाद्या मुंजींत पंचवीस मधुमेही एका मांडवांत जमणें मुळींच कठीण नाहीं.

डोळ्याच्या आंत, पाठीमागच्या भिंतीस लागून जो पातळ पडदा असतो त्यास दृष्टिपटल म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यांत फिल्म जें काम करी तें येथें हा पडदा करितो. त्याच्या मध्यभागीं एक लहानसा पिवळसर ठिपका आहे. पोथीचें अक्षर, सुईचें नेढें, माणसाचा चेहरा हें सर्व आपण त्या ठिपक्याच्या बळावर पाहतों. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें चढलेली राहिली म्हणजे पडद्यांतील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या होतात. कोठें त्या फुगतात, कोठें त्यांतून पाणी व चरबी झिरपते, कोठें त्या साफ बंद पडतात. झिरपलेलें पाणी मधल्या ठिपक्यांत सांचलें म्हणजे त्यास सूज येते व अक्षर अंधुक, वेडेंवांकडें दिसूं लागतें. वाहिन्या बंद पडल्या तर प्रकार निराळा. उपाशी राहिलेला पडदा रक्तासाठीं जणूं हांका मारूं लागतो. या हांकेचें काम 'व्हीईजीएफ' नांवाचें एक द्रव्य करितें, आणि तिला ओ देऊन नव्या वाहिन्या उगवतात. या नव्या वाहिन्या फार ठिसूळ असतात. कांहीं निमित्त नसतांहि त्या फुटतात, डोळा आंतून रक्तानें भरतो, आणि त्यांच्याबरोबर वाढलेले तंतु पुढें आंखडून पडदाच भिंतीपासून ओढून काढतात.

या सर्व प्रकारांत डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं, चिकटत नाहीं. पुष्कळदां रोग बराच पुढें जाईपर्यंत दिसतेंहि चांगलें. ज्या रोगांत कळ नाहीं त्या रोगांत डॉक्टरकडे जाण्याची घाई कोण करणार?

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें, म्हणून अशा वेळीं मन जुन्या ग्रंथांकडे धांव घेतें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत 76 नेत्ररोग मोजले आहेत. मूत्राकडे मुंग्या धांवतात हें प्रमेहाचें पूर्वचिन्ह चरकसंहितेंत टिपलेलें आहे. रोग त्यांनीं ओळखला होता आणि डोळाहि बारकाईनें पाहिला होता. पण जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. तें जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें 1851 सालीं जगापुढें ठेविलें. म्हणून त्रिफळ्याच्या पाण्यानें डोळे धुऊन पडदा सुधारेल अशी आशा धरणें हा त्या आचार्यांवरहि अन्याय होय. तें पाणी पडद्यापर्यंत पोहोंचतच नाहीं.

आतां घरची हकीगत सांगतों. ती सांगतांना संकोच वाटतो, परंतु सांगितल्यावांचून पुढील विवेचन कोरडें राहील.

आमच्या थोरल्या वहिनी इंदापुरास राहतात. त्यांचें वय 68 आणि त्यांच्या मधुमेहाचें वय 17. गोळ्या त्या नेमानें घेत. या सतरा वर्षांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून त्यांचा पडदा एकदांहि कोणीं पाहिला नव्हता. पाहून घ्या असें कोणीं सांगितलें नव्हतें, आणि आम्हीं शिकल्यासवरल्या दिरांनींहि विचारलें नव्हतें. पोथीचें अक्षर पुसट दिसूं लागलें तेव्हां चष्म्याचा नंबर बदलला. पुन्हां पुसट झालें, पुन्हां बदलला. मग मोतीबिंदु निघाला व एका शिबिरांत त्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर समोरच्या भिंतीवरील घड्याळ पूर्वींपेक्षां उजळ दिसूं लागलें, पण पोथी कांहीं दिसेना. तेव्हां कोठें एका नेत्रवैद्यांनीं पडदा पाहिला. उजव्या डोळ्याच्या मधल्या ठिपक्यास सूज होती, आणि कडेस नव्या वाहिन्या उगवलेल्या होत्या. डाव्या डोळ्यांत रोग होता, पण बेताचा.

पुण्याच्या डॉक्टरांनीं दोन उपाय सांगितले. एक सुईचा. डोळा बधिर करून त्याच्या पांढऱ्या भागांतून आंत औषध सोडावयाचें. तें औषध वर सांगितलेली हांक दाबून टाकतें, त्यामुळें सूज उतरते व नव्या वाहिन्या कोमेजतात. परंतु औषधाचा अंमल कांहीं आठवडेच टिकतो, म्हणून आरंभीं दरमहा सुई घ्यावी लागते. दुसरा उपाय लेसरचा. पडद्याच्या कडेच्या, उपाशी पडलेल्या भागावर किरणांनीं शेंकडों बारीक डाग द्यावयाचे. तो भाग शांत झाला म्हणजे हांकच बंद होते. यांत कडेची व रात्रीची दृष्टि थोडी उणी होते, पण परिणाम टिकाऊ असतो. डॉक्टरांचें म्हणणें असें कीं दोन्ही करावें. सुईचें नांव ऐकून वहिनी घाबरल्या नाहींत. लेसरचें ऐकून आम्ही घाबरलों.

आषाढापासून भाद्रपदापर्यंत तीन सुया झाल्या. तिसऱ्या सुईनंतर एके दिवशीं वहिनींनीं शिवलीलामृताचा अकरावा अध्याय कोणाच्या मदतीवांचून वाचला. घरांत पेढे वांटले (वहिनींस अर्धा). लेसरची गोष्ट निघाली तेव्हां आम्हीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, "इतका गुण आला आहे, तर पडदा जाळून कशाला घ्यावयाचा? थोडें थांबूं." घरांत आमच्या शब्दास मान आहे, सर्व थांबले.

पुढें दसरा झाला. पुतण्या एका साखर कारखान्यांत नोकरीस आहे; गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे त्याला रजा मिळत नाहीं. माघांत नातवाची मुंज होती. दर महिन्यास "पुढच्या महिन्यांत जाऊं" असें ठरे. वहिनींस दिसत होतें, म्हणून त्यांचीहि तक्रार नव्हती. असे सात महिने गेले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी चालली असतां त्या म्हणाल्या, "भावोजी, या डोळ्यांत कोळिष्टकें आल्यासारखीं दिसतात, झाडून काढावींशीं वाटतात." संध्याकाळपर्यंत तो डोळा काळोखानें भरला. पुण्यास नेल्यावर डोळ्यांतील रक्त व तंतु काढण्याची शस्त्रक्रिया झाली. ही शस्त्रक्रिया रॉबर्ट माकेमर या डॉक्टरांनीं 1970 च्या सुमारास प्रथम रूढ केली, आणि तिनें असंख्य डोळे वांचले आहेत. वहिनींचा पडदा जागीं बसला. परंतु मधला ठिपका तोंवर ओढला गेला होता. आतां त्या डोळ्यानें दारांत कोणी उभें आहे एवढें कळतें, कोण तें कळत नाहीं.

पुढें पुष्कळ दिवस आम्हीं या विषयावर जें जें मिळेल तें वाचलें. एकच औषध, एकच यंत्र, आणि तरी एकाचा डोळा तरतो व दुसऱ्याचा जातो, हें कशावर अवलंबून असतें हा आमचा प्रश्न होता.

पहिली गोष्ट ही कीं उपचार सुरू होतांना जी दृष्टि हातीं असते तिजवर पुढचें पुष्कळसें ठरतें. लेसरची मोठी परीक्षा अमेरिकेंत झाली, आणि 1976 सालीं तिचा निष्कर्ष आला: नव्या वाहिन्या उगवलेल्या डोळ्यांत लेसरनें दृष्टि अगदीं खालावण्याचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटतें. ठिपक्याच्या सुजेवरील लेसरचा निष्कर्ष 1985 सालीं आला. तेथेंहि दृष्टि घटण्याचें प्रमाण निम्म्यावर आलें. शब्द नीट वाचावेत. लेसरनें गेलेली दृष्टि परत आली असें त्यांत नाहीं. जाणारी राहिली असें आहे. सुईनें पुष्कळांस कांहीं ओळी अधिक वाचतां येऊं लागतात हें खरें, पण ठिपक्यांतील पेशी एकदां मेल्या म्हणजे तीहि हतबल होते. म्हणून प्रौढपणीं होणाऱ्या मधुमेहांत रोग कळला त्याच वेळीं पडदा पाहून घ्यावा, व पुढें निदान वर्षांतून एकदां, असा नियम सर्वत्र सांगतात. लहान वयांत इन्सुलिन लागणाऱ्यांस पांच वर्षांनंतर. मधुमेही स्त्रीस दिवस राहिले तर लगेच. मोतीबिंदु काढण्यापूर्वीं तर हें अवश्यच आहे, कारण रोगट पडद्याची सूज त्या शस्त्रक्रियेनंतर कधीं कधीं वाढते, आणि घरची माणसें सारा दोष मोतीबिंदूच्या माथीं मारून स्वस्थ बसतात.

दुसरी गोष्ट रक्ताची. इंग्लंडांत नुकताच मधुमेह जडलेल्या 5,102 रुग्णांवर पुष्कळ वर्षें चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 1998 सालीं प्रसिद्ध झाले. साखर ताब्यांत ठेवलेल्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे विकार शेंकडा 25 नें कमी झाले. त्याहून आम्हांस नवल वाटलें तें रक्तदाबाचें. रक्तदाब कसून ताब्यांत ठेवलेल्यांत पडद्याचा रोग पुढें जाण्याचें प्रमाण शेंकडा 34 नें, आणि दृष्टि तीन ओळींनीं घटण्याचें प्रमाण शेंकडा 47 नें उतरलें. आमच्या घरांत साखरेच्या आंकड्यावर रोज चर्चा होते; रक्तदाबाचा आंकडा कोणी विचारीत नाहीं. वहिनींचा रक्तदाब चढलेला होता, आणि गोळी "आज बरें वाटतें" म्हणून राहून जात असे. मूत्रांतून प्रथिनें जाऊं लागलीं असतील, रक्त फार उणें झालें असेल, तरीहि पडद्याची सूज लवकर हटत नाहीं. डोळ्याचा डॉक्टर मूत्रपिंडाची तपासणी सांगतो तेव्हां तो भलतीकडे चालला आहे असें समजूं नये.

येथें एक सावधगिरी आहे. वर्षानुवर्षें चढलेली साखर इन्सुलिननें एकाएकीं खालीं आणली तर कांहीं जणांचा पडदा आरंभींचे महिने थोडा बिघडतो, असें अमेरिकेंतील 1993 च्या प्रसिद्ध प्रयोगांत दिसलें होतें. तरी त्याच प्रयोगांत, काळजीपूर्वक साखर राखणाऱ्यांस शेवटीं मोठाच लाभ झाला. तेव्हां इन्सुलिन टाळणें हा यावरील उपाय नव्हे. तें सुरू करण्यापूर्वीं पडदा दाखविणें हा उपाय.

आमच्या भागांत नीरेच्या कालव्यानें ऊस आणला आणि उसानें मधुमेह आणला, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तें पटत नाहीं. बैठें काम, सुटलेलें पोट आणि आनुवंशिक देणगी यांकडे डोळेझांक करून बिचाऱ्या उसास आरोपी करणें सोपें आहे. डोळ्यांपुरता उसाचा दोष एवढाच कीं हंगामांत घरचा कर्ता पुरुष रिकामा नसतो. उपवासांविषयीं मात्र बोललें पाहिजे. एकादशीस सकाळीं पोट रिकामें, गोळी घेतलेली, म्हणून अकराच्या सुमारास हातपाय गळाले; मग साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस, आणि दुपारीं साखर आभाळांत. चातुर्मासांत असे दिवस किती येतात तें पंचांगांत मोजून पाहावें. वहिनींनीं आतां एकादशीस गोळीचें प्रमाण व आहार डॉक्टरांस विचारून ठरविला आहे, आणि त्यांच्या देवानें त्याबद्दल नाराजी दाखविलेली नाहीं.

परंतु ज्या गोष्टीनें आमची झोंप उडविली ती निराळीच. 2015 सालीं अमेरिकेंत सुईच्या तीन औषधांची (अफ्लिबरसेप्ट, बेव्हॅसिझुमॅब व रॅनिबिझुमॅब) तुलना झाली. तिन्हींनीं दृष्टि सुधारली. आरंभींच दृष्टि फार उतरलेली असेल तर पहिल्या वर्षीं अफ्लिबरसेप्ट सरस ठरलें. हें वाचून पुष्कळजण "सर्वांत चांगलें औषध कोणतें" एवढेंच विचारतात. आम्हीं दुसरा आंकडा पाहिला. त्या प्रयोगांत पहिल्या एका वर्षांत सर्वसाधारणपणें प्रत्येक डोळ्यास 9 ते 10 सुया दिल्या होत्या. वहिनींच्या झाल्या तीन. स्वस्त औषधाच्या दहा सुया घेणें आणि महागाच्या तीन घेऊन थांबणें, यांत शहाणपण कोणतें हें हिशेबी माणसास सांगावयास नको.

त्याच साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्या वाहिन्यांवर सुई ही लेसरच्या तोडीची आहे, असें त्यांत ठरलें. मात्र प्रयोगांतील रुग्ण ठरल्या दिवशीं परत येत होते. 2019 सालीं फिलाडेल्फिया येथील डॉक्टरांनीं जे परत आले नाहींत त्यांची कथा लिहिली. सहा महिन्यांहून अधिक काळ गैरहजर राहून मग परतलेल्या रुग्णांत, ज्यांस केवळ सुया दिल्या होत्या त्यांचे डोळे लेसर झालेल्यांपेक्षां वाईट स्थितींत आढळले. पडदा ओढला जाण्याचे प्रकारहि त्यांच्यांतच अधिक निघाले. आम्हीं तो वृत्तांत वाचला तेव्हां तो सातासमुद्रांपलीकडचा वाटला नाहीं. आमच्या माजघरांतील गोष्ट कोणी इंग्रजींत लिहून ठेवावी तसें वाटलें. सुईचा अंमल ओसरला, लेसरचा आधार नव्हता, आणि डोळा सात महिने उघड्यावर राहिला.

यावरून आमचें असें मत झालें आहे कीं उपचार ठरवितांना डॉक्टरांनीं डोळा पाहावा तसा रस्ताहि पाहावा, आणि डॉक्टर विचारीत नसतील तर घरच्यांनीं आपण होऊन सांगावें. इंदापूर पुण्याहून सुमारें 140 किलोमीटर, बारामती सुमारें 100. जाऊन येण्यांत दिवस मोडतो. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर कांहीं तास जवळचें दिसत नाहीं, ऊन सोसत नाहीं. म्हणजे रुग्णाबरोबर एक धडधाकट माणूस हवें, आणि त्याचीहि रजा हवी. पहिल्या भेटींतच हें सर्व मोकळेपणानें मांडावें: दरमहा येणें जमेल काय, कोणत्या महिन्यांत जमणार नाहीं, सोबत कोण येणार. "जमेल, जमेल" असें भिडेखातर म्हणूं नये. जेथें जमण्यासारखें नाहीं तेथें लेसर लवकर उरकून घेणें हेंच पुष्कळदां हिताचें ठरतें. नुसती वार्षिक तपासणी असेल तर तिच्यासाठीं पुण्यास जाण्याचेंहि कारण पडूं नये. बारामतीस 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पडद्याचें छायाचित्र काढण्याचीं यंत्रें आतां लहान गांवांच्या दवाखान्यांतूनहि दिसूं लागलीं आहेत. आपल्या जवळ तीं कोठें आहेत हें एकदां चौकशी करून ठेवावें.

एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात, आणि म्हणूनच एखादें काम कोणाचेंच राहत नाहीं. पुतण्यास वाटलें काका सांगतील, आम्हांस वाटलें सूनबाई नेतील, सूनबाईंस वाटलें सासूबाई आपण होऊन बोलतील. सासूबाई बोलल्या नाहींत. श्राद्धाची तिथि, नातवाचा वाढदिवस, गॅस संपण्याचा सुमार, हें सर्व ज्यांच्या जिभेवर असतें त्यांस स्वतःच्या सुईची तारीख आठवत नव्हती असें नव्हे. आम्हीं एकदां विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "आठवत होती हो. पण मुंजीच्या घाईंत माझ्या डोळ्याचें काय काढायचें?"

डाव्या डोळ्याचें लेसर गेल्या वर्षीं पुरें झालें. तीन बैठकी लागल्या. वहिनी म्हणतात, चुलीच्या ठिणग्या उडतात तसें दिसलें, याहून अधिक कांहीं नाहीं. त्या डोळ्यानें त्या मोठ्या अक्षरांची पोथी वाचतात. रात्रीं परसांत जातांना आतां विजेरी लागते. सूनबाईंनीं स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर तपासणीचे दिवस लाल शाईनें लिहिले आहेत, आणि त्यांखालीं सोबत जाणाऱ्याचें नांवहि लिहिलें आहे. येत्या मार्गशीर्षांतील तारखेखालीं आमचें नांव आहे. हंगाम असल्यामुळें पुतण्या येणार नाहीं. सकाळीं सहाची एस.टी. धरावी लागेल.